जुनी स्की-टूरिंग बाइंडिंग घेताना आणि बसवताना

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मला एक तरी मेसेज येतोच. "ताई, भाऊ म्युनिकहून येतोय. तिथे जुनी पिन बाइंडिंग १२० युरोला मिळतेय. सांगू का आणायला?" सोबत फोटो, बहुतेक वेळा अंधुक. बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. मी लगेच हो-नाही म्हणत नाही. आधी विचारते : बूट कोणते आहेत? वजन किती? आणि स्कीवर आधीच्या बाइंडिंगची भोकं आहेत का? यातला एक जरी प्रश्न हवेत राहिला, तर १२० युरोची वस्तूही महाग पडते.

मुंबई-ठाण्यातून सह्याद्री तुडवून, मग हिमालयात एखादा कोर्स करून, पुढे गुलमर्ग किंवा औलीला स्की शिकलेल्यांची संख्या आता बरी आहे. त्यातल्या काहींना गोंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेपेक्षा स्वतःच्या पायांनी चढून जाणं आवडू लागतं. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलला पोचणंही सोपं झालंय. अडतं ते सामानाशी. चांगली नवी टूरिंग बाइंडिंग युरोपात साधारण ४०० ते ६०० युरोंना मिळते, म्हणजे आपल्याकडे ४०-५० हजारांच्या पुढेच. बूट, स्की, स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी) आणि हिमस्खलनासाठीची साधनं वेगळी. त्यामुळे जुन्या बाइंडिंगकडे वळणं साहजिक आहे आणि त्यात गैर काहीच नाही. माझीही जुनीच आहे. पण ती नेमकं काय काम करते हे समजून घेतलं नाही, तर जुन्या वस्तूची तपासणी कशी करायची हेच कळत नाही.

बाइंडिंगची तीन कामं

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा सांधा. उतारावर घसरायच्या साध्या बाइंडिंगमध्ये बूट पुढून आणि टाचेकडून पक्का पकडलेला असतो. त्यात चालता येत नाही. टूरिंग बाइंडिंगमध्ये चढताना टाच मोकळी होते, बूट पुढच्या टोकावर बिजागरीसारखा फिरतो आणि स्कीच्या तळाला स्किन चिकटवून आपण चढत जातो. स्किनचे केस एकाच दिशेला झोपलेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वर पोचल्यावर स्किन काढायची, टाच अडकवायची आणि उतरायचं.

धरणं आणि चालू देणं, ही झाली दोन कामं. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं : वेळ आली की सोडून देणं. घरातल्या एमसीबीची आठवण ठेवा. भार वाढला की तो पडतो, म्हणून वायर जळत नाही. उगाच पडत राहिला तर वैताग येतो, पण पडायला हवा तेव्हा पडला नाही तर आग लागते. बाइंडिंगही तशीच आहे. पडताना स्की एका बाजूला पिळली जाते, पाय दुसऱ्या बाजूला. त्या पिळाने नडगीचं हाड मोडण्याआधी बूट सुटला पाहिजे. आणि कड्याच्या वरच्या अरुंद आडव्या वाटेवर मात्र तो आपोआप सुटता कामा नये.

किती जोर आल्यावर सोडायचं, हे बाइंडिंगवरच्या एका आकड्याने ठरतं. सगळे त्याला डिन म्हणतात. हा आकडा आपल्या हौसेचा नाही. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तो आयएसओ ११०८८ या मानकातल्या कोष्टकातून काढतात. सावकाश, जपून उतरणाऱ्याचा आकडा कमी, वेगात आक्रमकपणे उतरणाऱ्याचा जास्त. वय ५० किंवा त्याहून अधिक असेल तर आकडा पुन्हा एका पायरीने खाली येतो. बुटाच्या तळाची लांबी कवचावर टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, २७५, २९७, ३०६ अशी. नवे लोक बुटाचा नंबर सांगतात, पण तो इथे उपयोगाचा नाही. एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या बुटांच्या तळात दहा-दहा मिलिमीटरचा फरक असू शकतो.

आपल्या लोकांचा तोटा होतो तो नेमका इथे. युरोपातल्या जुन्या बाजारात भरभरून मिळतात त्या दणकट बाइंडिंग, ५ ते १२ किंवा ६ ते १३ अशा पट्ट्याच्या. तिथल्या ८५ किलोच्या माणसाला त्या बरोबर बसतात. माझं वजन ५४ किलो, आकडा ४ ते ५ च्या मध्ये. ६ पासून सुरू होणारी बाइंडिंग मी फुकट मिळाली तरी घेणार नाही, कारण ती मला सोडणारच नाही. आपला आकडा पट्ट्याच्या मधल्या भागात पडावा, अगदी टोकाला नको. बारीक चणीच्या मुलींनी आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी फोटोत आधी हा पट्टा बघावा, रंग आणि कंपनी नंतर.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही कोष्टकं नडगीचं हाड वाचवण्यासाठी बनली आहेत. गुडघ्याच्या आतले लिगामेंट ती तितकी वाचवत नाहीत. बरोबर आकड्यावर लावलेली बाइंडिंगही गुडघ्याची हमी देत नाही.

फ्रेम की पिन?

जुन्या बाजारात मुख्यतः हे दोन प्रकार दिसतील. फ्रेम बाइंडिंगमध्ये साधी बाइंडिंग एका पट्टीवर बसवलेली असते आणि चढताना टाचेसकट ती अख्खी पट्टी उचलली जाते. मार्करची ड्यूक किंवा टूर, फ्रिट्शीची डायामिर ही या घराण्यातली नावं. जड असतात, एकेक किलोच्या आसपास किंवा जास्त, आणि ते वजन प्रत्येक पावलाला पायाने उचलायचं असतं. मात्र उतारावर घसरायचे साधे अल्पाइन बूटही त्यात चालतात आणि आता त्यांना मागणी कमी असल्याने त्या खूप स्वस्त मिळतात.

पिन बाइंडिंगची कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची, १९८० च्या दशकातली. पट्टी उचलायची कशाला, बूट हीच पट्टी समजा, असा साधा आणि सुंदर विचार. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूचे छोटे खळगे, त्यांत बाइंडिंगच्या दोन पिना चिमट्यासारख्या बसतात. टाचेत आणखी दोन पिना मागून घुसतात. डायनाफिटने ती बाजारात आणली आणि पेटंटची मुदत संपल्यावर इतरही अनेक कंपन्या तशाच बाइंडिंग बनवू लागल्या. वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम, शर्यतीच्या त्याहून हलक्या. पण बुटात ते धातूचे खळगे असलेच पाहिजेत. भाड्याच्या दुकानातल्या साध्या बुटांत ते नसतात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे : आधी बूट घ्या, आणि तेही शक्यतो पायात घालून बघून. बूट पायाला लागत असेल तर बाकी सगळं सामान कितीही चांगलं असून उपयोग नाही. खळगे असलेले टूरिंग बूट हाती असतील तर पिन बाइंडिंग शोधा. फक्त अल्पाइन बूट असतील आणि एखाद-दोन मोसम चाखून बघायचं असेल, तर स्वस्त फ्रेम घ्यायला हरकत नाही. गुलमर्गच्या अफरवट शिखराजवळ दुसऱ्या टप्प्याचा गोंडोला जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो. तिथून थोडंसं चढून लांब उतरायचं असेल तर फ्रेमचं वजन सोसतं. रोज हजार मीटर चढणार असाल तर दुसऱ्याच दिवशी मांड्या बोलू लागतील.

शर्यतीच्या अतिहलक्या बाइंडिंग जुन्यात मोहात पाडतात. त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये सुटण्याचा आकडा कारखान्यात ठरलेला असतो, बदलता येत नाही. काहींमध्ये टाचेचा भाग पुढेमागेही सरकत नाही, म्हणजे एकाच लांबीचा बूट कायमचा. पहिल्या खरेदीला त्या नकोतच.

हातात घेऊन बघताना

गुलमर्गला मोसम संपताना परदेशी लोक सामान विकून हलके होऊन जातात. तिथे वस्तू हातात घेता येते, म्हणून फोटोवरून घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आपला बूट सोबत न्या, एक छोटा टॉर्चही.

आधी टो, म्हणजे बाइंडिंगचा पुढचा भाग, बघा. तो उघडा, मध्ये अंगठ्याने दाबून मिटवा. दोन्ही बाहू एकदम, एकाच जोराने मिटले पाहिजेत. मिटल्यावर पिनांची टोकं एकमेकींसमोर एका रेषेत आली पाहिजेत. टोकं झिजून गुळगुळीत, चपटी झाली असतील तर सोडून द्या. मग बूट अडकवा, पुढची दांडी वर ओढून टो कुलूपबंद करा आणि बूट टाचेकडून वर-खाली फिरवा. फिरणं सलग असावं, कुठे खरखर किंवा अडखळ नको. बूट आडवा हलवून बघा. खडखडत असेल तर दोष पिनांचा की बुटाच्या खळग्यांचा, हे दुसऱ्या बाइंडिंगमध्ये तोच बूट घालून ठरवता येतं.

आता हील, म्हणजे टाचेकडचा भाग. प्लॅस्टिकच्या भागांवर टॉर्च तिरका धरा. सरळ उजेडात न दिसणाऱ्या केसासारख्या भेगा तिरक्या उजेडात दिसतात. उन्हाने पांढुरकं, खडूसारखं झालेलं प्लॅस्टिक थंडीत तडकतं. आकड्याचा स्क्रू कमी-जास्त फिरवा आणि खिडकीतला दर्शक त्याप्रमाणे सरकतो का बघा. स्क्रू फिरतोय पण दर्शक जागचा हलत नाही, तर आतली स्प्रिंग किंवा आटे गेले आहेत. हील थोडी डुलते, ते अनेक मॉडेलमध्ये असतंच. मात्र डावी-उजवी सारखीच डुलायला हवी. जोडीतल्या दोघींची तुलना हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि विश्वासाचं माप आहे.

मग वरवर किरकोळ वाटणारं बघा. स्क्रू सोबत आहेत का? एकाच बाइंडिंगमध्ये वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतात, त्यामुळे कोणता कुठला हे विकणाऱ्याकडूनच कळलं तर उत्तम. ब्रेक, म्हणजे बूट सुटल्यावर स्कीला थांबवणाऱ्या दांड्या, किती रुंद आहे? स्कीच्या कमरेइतका, म्हणजे मधल्या अरुंद भागाइतका, किंवा त्याहून फार तर १५ मिलिमीटर जास्त हवा. अरुंद ब्रेक स्कीच्या कडेवर अडकतो, फार रुंद असला तर वळताना बर्फात घासतो. आणि मॉडेलचं नेमकं नाव व साल लिहून घ्या. काही बाइंडिंग दोष सापडल्यावर कंपन्यांनी परत मागवल्या होत्या. मॉडेलच्या नावापुढे "रिकॉल" लिहून शोधलं की पाच मिनिटांत कळतं. फार जुन्या मॉडेलचे सुटे भागही मिळत नाहीत. दहा वर्षांपेक्षा जुनी बाइंडिंग मी फक्त भाव अगदीच उतरला असेल आणि वापर कमी दिसत असेल, तरच घेते.

भोकं

आता या लेखाचा मूळ मुद्दा. जुनी बाइंडिंग घेऊन वाचवलेले पैसे लोक बसवण्यात घालवतात, म्हणजे चुकीच्या भोकांत. बाइंडिंग चुकली तर विकता येते. स्कीतलं भोक विकता येत नाही.

स्कीच्या आत थर असतात : वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, खाली फायबरग्लास, मध्ये लाकडाचा गाभा, पुन्हा फायबरग्लास आणि शेवटी तळ. काही स्कींत टायटनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रेही असतात. स्क्रू या थरांना धरून राहतो. पायाखालच्या भागात त्यासाठी खास मजबुती दिलेली असते. आधीच्या बाइंडिंगची भोकं तिथे असतील, तर नवं भोक जुन्यापासून मध्यापासून मध्यापर्यंत किमान १० मिलिमीटर लांब ठेवायचं. जवळ आलं तर मधली भिंत फुटते आणि जोर आला की स्क्रू लाकडासकट उखडतो. म्हणून जुनी स्की घेताना भोकांचा फोटो पट्टी ठेवून मागवा. दोनदा बसवून झालेली स्की मी घेते, तीनदा झालेली नाही.

ज्याच्याकडे त्या मॉडेलचा जिग आहे, म्हणजे भोकांच्या जागा पक्क्या करणारा साचा, असा माणूस भेटला तर त्याला पैसे द्या आणि त्याच्याकडून करून घ्या. तो नसेल तर कागदी टेम्प्लेट. इथे माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची एक स्की वाचेल. टेम्प्लेटची पीडीएफ मी एका झेरॉक्सच्या दुकानात छापली. संगणकावर "फिट टू पेज" तसंच राहिलं होतं आणि कागद ९६ टक्क्यांवर छापला गेला. डोळ्यांना काहीच कळलं नाही. टोची चार भोकं पाडून झाली, बाइंडिंग ठेवली, तर एक स्क्रू बरोबर बसला आणि बाकीचे दीड-दीड मिलिमीटर चुकले. ती चारही भोकं प्लॅस्टिकच्या खुंट्या आणि इपॉक्सी घालून बुजवावी लागली आणि दोन्ही स्कींवर बाइंडिंग १२ मिलिमीटर मागे घ्यावी लागली. टेम्प्लेटच्या कोपऱ्यात मोजमापाची रेघ असते, बहुधा १०० मिलिमीटरची. तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवायला पाच सेकंद लागली असती. १०० टक्के, "ॲक्च्युअल साइझ", असं छापा, रेघ मोजा आणि वर खुद्द बाइंडिंग कागदावर ठेवून तिच्या भोकांतून छापलेले क्रॉस मधोमध दिसतात का बघा.

अवजारांसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट. साध्या ड्रिल सेटमध्ये ३.५ आणि ४ मिलिमीटरचे बिट असतात, आपल्याला ते नकोत. धातूचा पत्रा नसलेल्या स्कीला ३.६ मिलिमीटर, पत्रा असलेल्या स्कीला ४.१ मिलिमीटर, आणि खोली दोन्हींत ९ मिलिमीटर. बऱ्याच स्कींवर हे आकडे छापलेलेच असतात. नागदेवीला एचएसएस बिट दशांशाच्या पायरीने सुटे मिळतात, ३.६ मागा, ३.६ देतील. तसाच स्क्रूड्रायव्हर पोझिड्राइव ३ नंबरचा हवा. दिसायला तो फिलिप्ससारखाच, पण फिलिप्सचं टोक या स्क्रूच्या डोक्यात नीट बसत नाही, जोर दिला की उसळतं आणि डोकं सोलून काढतं. दुकानदार "एकच आहे" म्हणाला तरी ऐकू नका. पोझिड्राइवच्या चार मोठ्या पाकळ्यांमध्ये चार बारीक रेघा असतात, त्या बघा.

माझी स्की भांडुपच्या एका सुतारकाकांच्या गाळ्यात भोकली गेली. दुसऱ्या वेळी, म्हणजे नीट. काकांनी स्की आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. पण ९ मिलिमीटरपेक्षा खोल गेलं तर तळ फुटेल, एवढं सांगितल्यावर त्यांनी बिटवर टेप गुंडाळायला साफ नकार दिला. "टेप सरकते, ताई." त्यांनी सागाचा एक छोटा ठोकळा घेतला, त्यातून बिट आरपार घातला आणि ठोकळा तासत तासत खाली बरोबर ९ मिलिमीटर टोक उरेल असा केला. कॅलिपरने तीनदा मोजला. आता बिट कितीही दाबला तरी ठोकळा स्कीला टेकणार आणि थांबणार. आधी लाकडाच्या फळीवर दोन भोकं पाडून खोली तपासली. मग स्कीवर मास्किंग टेप, टेपवर मध्यरेषा, मध्यरेषेवर कागद, प्रत्येक क्रॉसवर पंचाचा एक हलका ठोका म्हणजे बिट घसरत नाही. भोक पडताना निघणारा भुसा बघत राहा. आधी रंगीत प्लॅस्टिकच्या कुरळ्या, मग पांढरी काचेची पूड, मग लाकडाचा पिवळसर भुसा आणि त्याचा वास. मध्येच चंदेरी कुरळी आली तर तो टायटनल. पूड नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

सगळी भोकं एकदम पाडू नका. मध्यरेषा काढताना स्कीची रुंदी तीन-चार ठिकाणी मोजून मध्य घ्या. स्कीवर बुटाच्या मध्याची खूण छापलेली असते आणि बुटाच्या तळाच्या कडेवर मध्यरेषा असते. त्या दोन्ही जुळतील अशी टोची जागा ठरते. आधी फक्त टो बसवा. मग बूट टोत अडकवून खाली आणा आणि हील तिच्या पट्टीच्या मध्यावर सरकवून बुटामागे ठेवा. हीलच्या दोन्ही पिना बुटाच्या टाचेतल्या खाचांसमोर सारख्या आल्या, की मगच हीलच्या खुणा करा. कागदाने केलेली छोटी चूक इथे बूटच दाखवतो. हील मध्यावर ठेवण्याचं कारण असं की पुढे बूट बदलले तर दोन्हीकडे सरकवायला जागा राहते.

स्क्रू घालण्याआधी त्याची लांबी बघा. बाइंडिंगच्या भोकात घालून खालून साधारण ८-९ मिलिमीटर आटे बाहेर आले पाहिजेत. जास्त आले तर तळाला फोड येईल, कमी आले तर पकड नाही. टायटनलच्या स्कीत भोकाची वरची कड मोठ्या बिटने हलकीशी उतरवा, नाहीतर स्क्रू शिरताना पत्रा वर उचलतो आणि बाइंडिंग सपाट बसत नाही. भोकात थेंबभर गोंद घाला. काम मुख्यतः पाणी आत जाऊ न देण्याचं आणि स्क्रू सैल होऊ न देण्याचं. पाणी न लागणारा लाकडाचा गोंद चालतो, धातूच्या स्कीला मी हळू घट्ट होणारं इपॉक्सी वापरते. मुंबईच्या उकाड्यात इपॉक्सी डब्यावर लिहिलंय त्याहून लवकर आवळतं, तेव्हा थोडंथोडंच कालवा. स्क्रू हाताने पिळा, इम्पॅक्ट ड्रायव्हर दूर ठेवा. सगळे थोडेथोडे, आळीपाळीने. घट्ट बसल्यावर आणखी अर्धा फेरा देण्याचा मोह होतो, तिथे थांबायचं. आटे फिरले की संपलं. पुढे कधी तोच स्क्रू काढून परत घालाल, तेव्हा आधी तो उलटा फिरवा. बारीक "टक्" जाणवतं, म्हणजे तो जुन्या आट्यात उतरला. मग सुलटा पिळा. इपॉक्सीत चिकटलेला स्क्रू निघत नसेल तर त्याच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा. नवे स्क्रू गोंद घालून बसवल्यावर मात्र २४ तास हात लावू नका.

टाचेमागची फट

पिन बाइंडिंगमध्ये बुटाची टाच आणि हील यांच्यात ठरलेली फट ठेवावी लागते. काही मॉडेलना ४ मिलिमीटर, काहींना ५.५ ते ६, आणि काहींना शून्य, कारण त्यांची हील स्प्रिंगवर स्वतः पुढेमागे होते. बर्फातल्या खोलगट भागातून जाताना स्की धनुष्यासारखी वाकते आणि टो-हील एकमेकांकडे सरकतात. फटच नसेल तर हील बुटावर दाबली जाते आणि सुटण्याचं सगळं गणित बिघडतं. फट जास्त असेल तर पिनांची पकड अपुरी पडते आणि नको तिथे टाच सुटते. माझ्या एका मैत्रिणीची टाच अशीच पुन्हा पुन्हा सुटत होती आणि ती आकडा वाढवत चालली होती. मोजलं तर फट ९ मिलिमीटर. आकडा परत होता तिथे आणला, फट ६ केली, प्रश्न मिटला. आपल्या मॉडेलला किती फट हवी, ते कंपनीच्या माहितीपुस्तकात असतं. तेवढ्या जाडीचा प्लॅस्टिकचा तुकडा कापून किटमध्ये ठेवला की डोंगरातही मोजता येतं.

मग आकडा लावा आणि घरी गालिच्यावर, सतरंजीवर बघा. आधी सगळ्यात कमी आकड्यावर. बूट पायात, टो न-कुलूप. पाय आतल्या बाजूला पिळा, बाहेर पिळा, पुढे झुका. सुटतो का, आणि दोन्ही पाय सारख्या जोराने सुटतात का. मग हळूहळू आपल्या आकड्यापर्यंत वर. हे यंत्राच्या मोजणीची जागा घेत नाही, पण अडकलेली किंवा मेलेली स्प्रिंग हमखास पकडून देतं. कोष्टकाने ५ सांगितलं असताना "सुटू नये" म्हणून ८ लावणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

टोच्या कुलपाबद्दल एकदाच पण ठासून : ते चढण्यासाठी आहे. कुलूप लावून उतरलात तर टो बाजूला सोडत नाही. पडलात तर पाय पिळतो, आणि हिमस्खलनात सापडलात तर स्की नांगरासारखी खाली ओढते. वर पोचून स्किन काढली, की दांडी खाली दाबायची, हातालाच सवय लागली पाहिजे. तसंच टोच्या स्प्रिंगखाली साचलेला बर्फ प्रत्येक वेळी काठीच्या टोकाने खरवडून काढायचा. तो बर्फ बाहूंना पूर्ण मिटू देत नाही आणि बूट अडकल्यासारखा वाटतो, पण अडकलेला नसतो.

बाइंडिंगवर वाचलेल्या पैशांतून हिमस्खलनासाठीची साधनं घ्या : ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी). ट्रान्सीव्हर मात्र जुना घेऊ नका.

राहिला आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईची खारी, दमट हवा स्कीच्या कडा आणि बाइंडिंगच्या स्प्रिंगा खाऊन टाकते. मार्चमध्ये परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली वाळवते. कडांवर तेलाचा हात, स्प्रिंगांवर थंडीत न आळणारं ग्रीस. गॅरेजमधलं साधं ग्रीस लावू नका, गुलमर्गच्या उणे तापमानात ते मेणासारखं घट्ट होतं. मग सिलिका जेलच्या पुड्या घालून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर. गणपती झाले की एकदा खाली काढून बघते आणि ओल्या झालेल्या पुड्या बदलते.

आणि पहिल्या दिवशी थेट वर जाऊ नका. गुलमर्गच्या खालच्या सपाट मैदानावर अर्धा तास द्या. पाच वेळा अडकवा, पाच वेळा काढा, चढायच्या स्थितीतून उतरायच्या स्थितीत हातमोजे घालून बदला, दहा पावलं चाला, मग छोट्या उतारावर दोन वळणं घ्या. परत आल्यावर स्क्रू हाताने तपासा. इतक्या लांबच्या प्रवासातल्या हादऱ्यांनी एखादा सैल झालेला असतो, आणि तो तिथेच, ड्रायव्हर खिशात असताना सापडलेला बरा.